पिवळ्या टोपीचा माणूस

१

दुपारचा चहा झाला की हेमा आणि मी बंगल्यात जायचो.

बंगला टीव्हीतला. आमचं स्वतःचं घर परभणीत, कारेगाव रस्त्याला आतल्या गल्लीत. खाली तीन खोल्या, वर मोकळी गच्ची. त्याला कोणी बंगला म्हटलं तर मला संकोच वाटतो. आमचा मुलगा सारंग इंजिनिअरिंगला असताना त्याने टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घेतलं होतं. नोकरीला पुण्याला गेला तेव्हा ते इथेच राहिलं. मी कृषी विद्यापीठातून आणि हेमा शाळेतून निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात, कूलरसमोर बसून कंटाळलेल्या हेमाने ते एकदा सहज सुरू केलं, आणि पुढे ते आमच्या दिवसाचा भागच झालं.

खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. हेमा त्याला बंगला म्हणायची. समुद्राकाठच्या उंच टेकाडावर एक मोठी वास्तू, आत कोणी नाही, आणि दारंच दारं. खेळणारे दोघं. एकाला लाल टोपी, दुसऱ्याला पिवळी. चेहरे काढलेलेच नाहीत. प्रत्येक दाराच्या दोन्ही अंगांना एकेक काळी फरशी. दोघं एकाच वेळी आपापल्या फरशीवर उभे राहिले की दार उघडतं आणि पुढची खोली दिसते. शत्रू नाही, मारामारी नाही, गुण नाहीत. खोल्या मात्र अशा, की आपण बाहेर पडल्यावरही त्या तिथेच आहेत असं वाटावं. एका खोलीत नुसतीच वाळत घातलेली चादर. एकीत अर्धं विणलेलं काहीतरी.

लाल टोपी हेमाची, पिवळी माझी. ती भूगोलाची शिक्षिका, त्यामुळे दिशा तिच्याकडे. "उगवतीच्या जिन्यानं चला," म्हणायची आणि पुढे व्हायची. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. कोणतीही गोष्ट ठामपणे म्हणण्याआधी चार बाजूंनी तपासायची, ही सवय खेळातही सुटली नाही. दार उघडलं की मी उंबऱ्यावर थांबायचो. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, मग पुन्हा डावीकडे. हेमाचं माहेर वालूरचं. उंबऱ्यावर उभं राहणं तिला टीव्हीतसुद्धा खपायचं नाही.

"अहो, उंबऱ्यावर काय उभे राहायलात? एक तर आत या, न्हाई तर बाहेर थांबा."

आणि ती एक बटण दाबायची. त्याने लाल टोपीवाली बाहुली हात हलवून दुसऱ्याला बोलवायची. मग मी आत जायचो.

खेळाची तबकडी आमच्याकडे होती. ती आमची आहे, हा विचार त्या काळात एकदाही मनात आला नाही. आपल्या घरातल्या पाट्यावरवंट्याबद्दल तरी कुठे येतो? डबीला तडा गेला होता, त्यावर हेमाने चिकटपट्टी लावली होती. तबकडी अडखळली की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसायची, मधून बाहेर, गोल नाही, सरळ. एकदा शेजाऱ्यांच्या मुलीने चार दिवस नेली आणि परत आली तेव्हा तिच्यावर आंब्याच्या रसाची बोटं होती. हेमा आठवडाभर पुटपुटत होती. आज ती बोटं उमटलेली तबकडी मला कोणी आणून दिली, तर मी ती पुसणार नाही.

२

बंगल्याच्या माथ्यावर एक खोली आहे. तिथवर पोचायला आम्हाला फार काळ लागला, कारण आम्हाला पोचायची घाई नव्हती. शेवटी एका दुपारी आम्ही वरच्या जिन्याच्या टोकाला आलो. समोर एकच दार. हे शेवटचं दार, हे दोघांनाही कळलं. मी माझ्या फरशीकडे निघालो तर हेमा म्हणाली, आज नको. उद्या चहा करून निवांत उघडू. जे एकदाच बघायचं ते घाईत कशाला बघायचं?

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ती परत आली नाही.

सारंग मला पुण्याला घेऊन गेला. तो पावसाळा मी त्याच्याकडे काढला. तेवढ्यात त्याने इकडच्या घराला रंग लावून घेतला, जुनं सामान काढलं. माझ्या दुःखावर उपाय म्हणून त्याने हे केलं आणि मनापासून केलं, म्हणून त्याला बोल लावता येत नाही. भंगारात यंत्र गेलं, तबकड्या गेल्या, आणि यंत्राच्या पोटात जतन झालेली आमची सगळी उघडलेली दारं गेली. मी विचारलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. मग लगेच उजळला. म्हणाला, बाबा, आता तबकडी कोण घेतं? तोच खेळ आहे. तो दूरच्या मोठ्या संगणकावर चालतो, तुमच्या टीव्हीवर नुसतं चित्र येतं. वर्गणी मी भरतो. घरात काही ठेवायलाच नको.

त्याने पुढच्या खेपेला सगळं जोडून दिलं. खेळ तोच होता. आणि नव्हताही.

आधी आपल्याच घरात आपलं नाव सांगायचं, सांकेतिक शब्द सांगायचा, मग आत सोडणार. वारा सुटला की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. बटण दाबलं की बाहुली क्षणभर थांबून मग हलायची, जसं काही तिने आधी कोणाला तरी विचारलं. जेवणघरातला कंदील, ज्याच्याखाली हेमा थोडा वेळ उगाच थांबायची, तो कोणी तरी कुठून तरी काढून टाकला होता. सारंग म्हणाला, सुधारित आवृत्ती असेल. आमच्या तबकडीतला कंदील काढायला कोणाला तरी आमच्या घरी यावं लागलं असतं.

आणि पहिल्या खेळाडूला लाल टोपी. ती बदलता येत नव्हती. मी एकटा, म्हणजे मी पहिला, म्हणजे मी लाल. पहिल्या दिवशी हेमाच्या चपला घालून चालल्यासारखं वाटलं आणि मी लवकर बंद केलं.

एकट्याने खेळणाऱ्यासाठी प्रत्येक दाराशी एक दगड असतो. तो ढकलत दुसऱ्या फरशीवर न्यायचा, की दार उघडतं. शेवटच्या दाराशी मात्र दगड नाही. तिथे दोन माणसंच लागतात. हे मला माहीत होतं. तरी मी ठरवलं, की एकट्याने तिथवर जायचं, आणि सारंग येईल तेव्हा त्याला दुसऱ्या फरशीवर उभं करून ते दार उघडायचं. हेमाने उद्यावर टाकलेलं दार. तेवढं एक उरलं होतं. या वयात मला दुसरं काही हवं होतं असं आठवत नाही.

३

पहिल्यांदा खटकलं ते पावलांचं.

बंगल्यात एक लांब सज्जा आहे, लाकडी तळाचा. त्यावर चालताना टक टक वाजतं. मी थांबलो, आणि टक टक थोडं पुढे चालू राहिलं. मग थांबलं.

याचं उत्तर सोपं होतं. चित्र आणि आवाज दुरून येतात; चित्र आधी पोचलं, आवाज मागे राहिला. मी स्वतःवर खूष झालो. पुढचे काही दिवस मी मुद्दाम चालायचो, मुद्दाम थांबायचो. उशीर दर वेळी सारखा नसायचा, पण उशीर सारखा असतो असं कोण म्हणतं? एकच गोष्ट बसत नव्हती. माझी बाहुली चालते ती यंत्राच्या एकसारख्या चालीने. मागून येणारी पावलं तशी नव्हती. दोन पावलं, थांबणं. एक पाऊल, थांबणं. मग घाईने तीन-चार.

एकदा कूलरच्या घरघरीने डोकं उठलं म्हणून मी कानातलं ऐकायचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्याच्याशिवाय मला कूलरही नुसता दूरच्या पाण्यासारखा ऐकू येतो. स्वयंपाकाच्या वच्छलाबाई आत भांडी लावत होत्या, ते तर अजिबात नाही. आणि सज्ज्यावरची पावलं मला स्वच्छ ऐकू येत होती.

मी यंत्राकडे पाहिलं. ते टेबलावर चष्म्याच्या डबीशेजारी होतं. मेंदू रिकाम्या जागा आठवणींनी भरतो, असं मी कुठे तरी वाचलं आहे. वाचलेलं असणं ही माझी मोठी सोय आहे आणि तेवढंच मोठं दुखणं. मी बाहुलीला वळवलं, सज्ज्याच्या मागच्या टोकाकडे.

मागच्या खोलीच्या दारात, उंबऱ्यावर, पिवळ्या टोपीचा माणूस उभा होता. त्याने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं.

चित्राचे चौकोन झाले. परत जुळलं तेव्हा दार रिकामं होतं.

४

सारंगला फोन केला. मी घाबरलेलो आहे हे त्याला कळू नये म्हणून मी फार मोजून-मापून बोललो, त्यामुळे त्याला ते लगेच कळलं. त्याने पुण्यातून सगळं तपासलं. बाबा, तुमच्या नावावर फक्त तुम्हीच आहात. अनोळखी माणसाला यायला त्यात वाटच नाही. दुसऱ्या कोणाच्या खेळाचं चित्र तुमच्याकडे घुसलं असेल का, तर तसं कधी ऐकलं नाही, पण नेटवर्कचं काय सांगावं. पुन्हा दिसलं तर फोटो काढा.

पुन्हा दिसला तेव्हा मी फोटो काढला. फोटोत नुसत्या आडव्या पट्ट्या आल्या.

मग सारंग म्हणाला, मी इथून दुसरा खेळाडू म्हणून येतो, दोघं खेळू, तुमची भीतीही जाईल. तो आला. पिवळ्या टोपीचा, पण हा सारंगच होता. धावायचा, उड्या मारायचा, दिव्यांना धडकायचा. मला हसू आलं, बरं वाटलं. पण आमच्याने एकही दार उघडेना. माझ्याकडे तो फरशीवर उभा दिसायचा, तेव्हा त्याच्याकडे तो अजून वाटेत असायचा. मी उभा राहायचो तेव्हा तो उतरलेला असायचा. एकाने नुसतं उभं राहून वाट पाहावी, तर तेवढ्यात जोडणी तुटायची आणि तो खोलीच्या टोकाला जाऊन पडायचा. परभणीचा उशीर आणि पुण्याचा उशीर, दोन्ही मिळून एक क्षण जमेना. एकाच सतरंजीवर बसून खेळताना हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. शेवटी तो म्हणाला, असं नाही होणार, मी तिकडेच येतो.

त्याच आठवड्यात पडद्यावर सूचना आली. या महिन्याअखेर हा खेळ आमच्या संग्रहातून निघत आहे. खाली आभार मानले होते.

मी सारंगला म्हटलं, निघत आहे म्हणजे कुठे जात आहे? तो म्हणाला, कुठे नाही बाबा, त्यांचा करार संपला असेल. मग माझा बंगला? तुमचा नव्हताच तो, तो वापरायला दिला होता. हे बोलताना त्याचा आवाज फार मऊ झाला होता. जुनी तबकडी कुठे मिळते का तेही त्याने पाहिलं होतं, आणि ती चालवायला जुनं यंत्र. काही मिळालं नाही. शेवटच्या रविवारी नक्की येतो म्हणाला.

आता मला वेळेच्या आत वर पोचायचं होतं.

५

मी रोज खेळू लागलो. तोही रोज येऊ लागला. माझ्या खोलीत कधी नाही. मी सोडलेल्या खोलीच्या दारात. मी पुढच्या दारात गेलो की तो मागच्या दारात. मी दगड ढकलत असलो की तो बघत उभा. त्याने काही केलं नाही, हे मला लिहायला हवं. भीती वाटावी असं त्याने एकदाही काही केलं नाही.

वच्छलाबाई आमच्याकडे हेमाच्या काळापासून. जिंतूर तालुक्यातल्या, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणं सोडून परभणीत आल्या, तेव्हापासून स्वयंपाकाचं बघतात. पूर्वी हेमा आणि मी खेळत बसलो की त्या लसूण सोलत मागे बसायच्या आणि शेरे मारायच्या. सरांना दाराची लय भीती, दार काय चावतंय का, असं म्हणून हेमाला हसवायच्या. या नव्या खेळाकडे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. त्या दुपारी चहा घेऊन आल्या आणि कप हातात धरूनच थांबल्या.

"लाल तर बाई असायच्या," त्या म्हणाल्या. "आन् पिवळे तुमी."

मी म्हटलं, हो, आता मी लाल आहे.

"मग त्यो पिवळा कोण खेळायलाय?"

मी म्हटलं, कोणी नाही. यंत्रातली चूक आहे.

त्यांनी कप ठेवला. थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. पिवळी टोपी खिडकीशी गेली, बाहेर डोकावली, परत दारात आली, भिंतीला खेटून दोन पावलं चालली, थांबली.

"न्हाई हो सर," त्या हसत म्हणाल्या, "हे तर तुमीच. दोन्हीकडून तुमीच खेळायलात का काय आज?"

आणि पदराला हात पुसत आत गेल्या. त्यांच्या दृष्टीने ती एक गंमत होती.

माणसाला स्वतःची चाल माहीत नसते. मी बराच वेळ बघत बसलो. मोकळ्या जागेतून सरळ न जाता कडेकडेने जाणं. प्रत्येक खिडकी बंद आहे का ते पाहणं. पुढे निघून पुन्हा एकदा मागे येणं, काही राहिलं का म्हणून. या सगळ्यामागे प्रत्येक वेळी माझ्याकडे काहीतरी कारण असायचं, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटायचं. बाहेरून ते असं दिसत होतं. हेमाने इतकी वर्षं हे पाहिलं, आणि दर दाराशी हात हलवला.

योगायोग केव्हापासून योगायोग राहत नाही, हे ठरवायच्या रीती मी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकवल्या. त्यातली एकही मी इथे लावली नाही. लावली असती तर उत्तर आलं असतं.

६

रविवार आला नाही. म्हणजे सारंग आला नाही. श्रद्धा, माझी सून, तिच्या वडिलांना अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं. सारंग फोनवर पुन्हा पुन्हा माफी मागत होता आणि मी पुन्हा पुन्हा सांगत होतो की खेळ काय, माणूस आधी. ते खरंही होतं. फोन ठेवल्यावर मात्र मी त्या दुसऱ्या फरशीचाच विचार करत होतो. वच्छलाबाईंना शिकवावं का? पण दुसरं हातातलं यंत्र जोडलं तर ते धरेना. त्यासाठी आणखी कसली तरी परवानगी लागत होती.

त्या दुपारी मी वरच्या मजल्यावर पोचलो. मधल्या दालनाचं दार मी दगडाने उघडलं, आत गेलो, वळलो. तो आला होता. या खेपेला जवळ. मी ज्या दारातून आत आलो त्याच दारात, उंबऱ्यावर. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

आता पुढे जे झालं ते मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. आपल्या दारात माणूस उभा राहिला, उंबऱ्यावर अवघडून, तर आपण काय करतो? कोण, कुठचा, हे नंतर. आधी तोंडातून निघतं ते निघतंच. माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. वसुलीच्या तगाद्याला आलेल्या माणसालासुद्धा ते आधी आत घ्यायचे, पाणी द्यायचे, मग भांडायचे. उंबऱ्यावर ताटकळलेलं माणूस मला बघवत नाही.

मी म्हटलं, "या ना, आत या." मोठ्याने म्हटलं, रिकाम्या हॉलमध्ये. आणि बोटाने ते बटण दाबलं.

लाल टोपीने हात हलवला. या वेळी उशीर झाला नाही. मला खात्री नाही, कोणतं आधी आणि कोणतं नंतर यावर माझ्या साक्षीला किंमत देऊ नये. पण मला वाटतं, हात हलला आणि मग मी बटण दाबलं.

तो आत आला. पुढच्या दाराशी मी दगडाकडे निघालो, तर तो आधीच दुसऱ्या फरशीवर जाऊन उभा होता.

७

शेवटच्या दिवशी वच्छलाबाईंना मी लवकर सोडलं. चहा करून ठेवा आणि जा, म्हटलं. किटलीत चहा होता, हॉलचे पडदे ओढले होते, बाहेर ऊन होतं.

शेवटचं म्हणून मी बंगल्याच्या खालच्या दारापासून पुन्हा निघालो. तो आता उंबऱ्यांवर थांबत नव्हता. मी आत गेलो की माझ्यामागून लगेच. मग माझ्याबरोबर. जिन्यावर तो माझ्या पुढे झाला. मला उगवतीचा जिना कोणता ते नीट आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं. त्याच्या मागे चालताना मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं, आणि हे दोन्ही एका छातीत कसं मावतं हे मला सांगता येणार नाही. किती तरी दिवसांनी मी कोणाबरोबर तरी चालत होतो. चादर वाळत घातलेली खोली आली, तिथे तो थोडा रेंगाळला. विणकामाच्या खोलीत मी रेंगाळलो. जेवणघरात कंदील नव्हता, तरी आम्ही दोघं त्या जागेखाली थांबलो.

वर शेवटचं दार. साधंच आहे, बाकीच्यांपेक्षा थोडं बुटकं. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी सूचना लुकलुकत होती, आज हा खेळ संपेल अशी. मी माझ्या फरशीवर उभा राहिलो. तो त्याच्या. वाटलं, हेमा, उद्या झाला.

दार उघडलं.

आत उजेड होता. आमच्या कूलरच्या जाळीतून दुपारचा येतो तसा, पिवळसर, पट्ट्यापट्ट्यांचा. खोली लहान होती. मला फार थोडं दिसलं, कारण तो लगेच आत गेला आणि त्याची पाठ मध्ये आली. एक बाक होतं. बाकावर कोणी तरी बसलं होतं. तो जाऊन शेजारी बसला तेव्हा बाजूने दिसलं.

लाल टोपी होती.

मी खाली माझ्या बाहुलीकडे पाहिलं. तिच्याही डोक्यावर लाल टोपी होती, ती फरशीवर उभी होती, आणि हातातल्या यंत्राचा दांडा मी पुढे ढकलत होतो तरी ती हलत नव्हती. खेळ दोघांचा आहे. तिसऱ्याला त्यात जागा केलेली नाही.

बाकावरची लाल टोपी त्याच्याकडे वळली. खेळातल्या बाहुल्यांना चेहरे नसतात, त्या बोलत नाहीत, मान कलती करत नाहीत. हिने केली. तिचं वळणं कसं होतं हे मला सांगता येणार नाही, फक्त ओळखता येतं. चाळीस वर्षं एका घरात राहिलेल्याला पाठमोरं माणूस ओळखता येतं. मी बटण दाबलं. हात हलवायचं तेच बटण, पुन्हा पुन्हा. माझ्या बाहुलीचा हात हलला की नाही ते मला दिसलं नाही, कारण मी तिकडे बघत नव्हतो.

मग तिने दाराकडे पाहिलं. माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं, दारात अनोळखी माणूस दिसल्यावर आपण बघतो तसं. तिला भीती वाटत होती. ते मला कळलं, आणि मी बटण दाबायचं थांबवलं. तिने पिवळ्या टोपीला हाताने मागे सारलं, उठून दाराशी आली, आणि दार लावून घेतलं.

आतून कडी लागल्याचा आवाज आला. खेळातल्या दारांना कड्या नाहीत.

मी बसून राहिलो. पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं आली, की हा खेळ आता उपलब्ध नाही, आणि तुम्हाला हेही आवडतील. खाली दुसऱ्या खेळांची चित्रं होती.

८

संध्याकाळी सारंगचा फोन आला. श्रद्धाच्या वडिलांना आता बरं होतं. मग भीतभीतच त्याने विचारलं, बाबा, त्या खेळाचं काय झालं? त्याने इंटरनेटवर कोणी तरी टाकलेला शेवट पाहून ठेवला होता, मला निदान सांगता यावा म्हणून. म्हणाला, मनाला लावून घेऊ नका, त्या वरच्या खोलीत काही नाहीच. दार उघडलं की समुद्र दिसतो आणि नावं येतात.

मी म्हटलं, दार उघडलं.

दुसऱ्या फरशीवर कोण होतं, हे त्याने विचारलं नाही. कदाचित मी काही तरी जुगाड केला असेल असं त्याला वाटलं. म्हणाला, अरे वा. मग काय होतं आत?

मी खरं सांगायचं ठरवलं, कारण खोटं सांगायला काही तरी माहीत असावं लागतं.

"आई होती," मी म्हटलं. "आणि मी होतो. बाकावर बसलो होतो दोघं. बरे दिसलो."

पलीकडे पुण्यातल्या रस्त्याचा आवाज येत होता. तो रडतोय की काय असं मला वाटलं, पण तो विचार करत होता. तो माझाच मुलगा आहे, सगळं तपासून घेतो.

"बाबा," तो म्हणाला, "मग दाराबाहेर कोण होतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हॉलमध्ये अंधार झाला होता, आणि दिवा लावायला उठावं तर आपण दाराच्या नक्की कोणत्या बाजूला बसलो आहोत, हे मला सांगता येईना.